‘पास दे रे!’ ओरडण्याआधी: ‘ब्लू लॉक’वेड्या पोरांच्या प्रशिक्षकांना खुले पत्र

प्रति,
१२ ते १७ वयोगटाला फुटबॉल शिकवणारे प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षक यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या संघातला एखादा पोरगा अलीकडे पास द्यायचा बंद झाला असेल. अंगावर तीन जण असतानाही तो पाय फिरवतो, चेंडू कुंपणापलीकडे जातो, आणि तुम्ही ओरडलात की ‘सर, स्ट्रायकरला इगो लागतो’ असं वर तोंड करून सांगतो. हे ‘ब्लू लॉक’चं खूळ आहे हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. काही प्रशिक्षकांनी मैदानात त्याचं नाव काढायलाही बंदी केली, काहींनी पालकांना मोबाइल काढून घ्यायला सांगितलं. बंदीबद्दल आमचं फारसं म्हणणं नाही. तक्रार वेगळी आहे. पोरांनी हा मंगा (जपानी चित्रकथा) अर्धवट वाचलाय, तुम्ही तो अजिबात वाचलेला नाही, आणि दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडताय: तिथे पास न देणारा जिंकतो. तो तिथे सहसा हरतो, आणि का हरला हे पुढची दहा पानं समजावून सांगितलं जातं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुनेयुकी कानेशिरो यांचं लेखन आणि युसुके नोमुरा यांची चित्रं असलेली ही मालिका ऑगस्ट २०१८ पासून कोदान्शा प्रकाशनाच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात येते आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिचा ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) सुरू झाला आणि आपल्याकडच्या बहुतेक पोरांची तिच्याशी गाठ पडली ती तिथे. २०१८च्या विश्वचषकात जपान उपउपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला, म्हणून तिथली (कथेतली) फुटबॉल संघटना जिन्पाची इगो नावाच्या विक्षिप्त माणसाला आणते. तो ३०० शालेय आघाडीपटूंना एका इमारतीत कोंडतो. शेवटी एकच स्ट्रायकर उरणार, बाकीच्यांना राष्ट्रीय संघाचं दार कायमचं बंद. जेवणाचं ताटसुद्धा क्रमवारीप्रमाणे वाढलं जातं. हा इगोमहाशय स्वतः मात्र कपातले नूडल्स खाऊन जगतो. अशा माणसाच्या तोंडची वाक्यं पोरं पाठ करतात यात नवल नाही. अडचण ही की वाक्यं पाठ होतात आणि सामने विसरले जातात.

म्हणून सामन्यांकडेच या. पहिल्या प्रकरणात कथेचा नायक योइची इसागी शालेय स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात चेंडू घेऊन गोलीसमोर येतो. बाजूला साथीदार मोकळा आहे. इसागी पास देतो, साथीदाराचा फटका खांबाला लागतो, चेंडू उलटतो आणि समोरचे गोल करतात. आता तुम्ही-आम्ही त्या पासला काय म्हणू? बरोबरच म्हणू. गोली अंगावर आलेला असताना मोकळ्या साथीदाराला दिलेला आडवा पास हा फुटबॉलमधल्या सर्वांत फायद्याच्या पासांपैकी एक आहे, गणित इसागीच्या बाजूने आहे. तरी कथा त्याला सोडत नाही, कारण त्याने तो पास बघून दिलेला नव्हता. आपला फटका चुकला तर काय, या धास्तीने चेंडू अंगाबाहेर टाकला होता. मैदानाच्या कडेवरून दोन्ही पास सारखेच दिसतात. प्रशिक्षक ‘शाब्बास, टीमवर्क!’ म्हणतो आणि एक घाबरट सवय पक्की होते.

हे दोन पास वेगळे ओळखता येतात, आणि या पत्रातलं आमचं मुख्य सांगणं तेच आहे. पास दिला का नाही, एवढ्यावर पोराला जोखू नका. पास कधी दिला ते बघा.

दोघं आघाडीवर आणि एक बचावपटू समोर, ही स्थिती घ्या. चेंडू असलेल्या पोराने बचावपटू पाच-सहा मीटर लांब असतानाच पास टाकला, तर त्या बचावपटूला सरकायला भरपूर वेळ मिळतो. चेंडू साथीदाराकडे पोचतो तेव्हा तोही तिथे पोचलेला असतो, म्हणजे दोघांविरुद्ध एक होते ते एकास एक झाले. हा ढकलून मोकळं व्हायचा पास. आता तोच पोरगा बचावपटूच्या अंगावर गेला, अंतर दीड-दोन मीटरवर आलं, बचावपटूने वजन पुढच्या पायावर टाकलं आणि त्या क्षणी पास निघाला, तर बचावपटूला आधी थांबावं लागेल, मग वळावं लागेल. साथीदार मोकळाच राहतो. मीटरभरापेक्षा जवळ गेलं की मात्र चेंडू त्याच्या नडगीवर आपटतो. म्हणजे पास देण्याची खिडकी जेमतेम एका मीटरची आहे. तिथपर्यंत चेंडू पायात ठेवायला जी छाती लागते, तिलाच इसागीचा मंगा आपलं सगळं भांडवल मानतो. घाबरलेला पोरगा त्या खिडकीपर्यंत पोचतच नाही. आणि फक्त स्वतःच्या गोलाचा विचार करणारा ती ओलांडून पुढे जातो.

सराव असा घ्या. २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पट्टा आखा, टोकाला गोल आणि गोली. बचावपटू १० मीटरच्या रेषेवर उभा. आघाडीची जोडी दुसऱ्या टोकाकडून येते, सहा सेकंदांत फटका गेला पाहिजे. जोडीमागे दहा प्रयत्न, पाचनंतर चेंडू दुसऱ्याने आणायचा. तुम्ही गोलमागे उभे राहू नका, तिथून अंतर कळत नाही. पट्ट्याच्या कडेला, १० मीटरच्या रेषेजवळ उभे राहा आणि प्रत्येक प्रयत्नाला फक्त ‘लवकर’, ‘वेळेवर’ किंवा ‘उशिरा’ एवढंच म्हणा. गोल झाला की नाही याची नोंद पहिले दोन आठवडे ठेवूच नका. दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. साथीदार उतावीळपणे चेंडूच्या पुढे पळतो. समोर फक्त गोली उरलेला असेल तर तो ऑफसाइडच असतो, म्हणून त्याला चेंडूच्या अर्धं पाऊल मागे धावायला लावा. दुसरं, बचावपटू शहाणा होऊन मागेच सरकत राहतो, अंगावर येतच नाही. ही शिक्षा नाही, संधी आहे: तो मागे सरकतोय तोवर चेंडू पुढे न्यायचा आणि फटका मारायचा. ‘पास द्यायचा सराव’ असं त्याचं नाव ठेवलंत तर पोरं तिथेही पासच देतील.

फटक्याचंही तसंच. ‘कुठूनही मार’ आणि ‘आधी पास बघ’ या दोन्ही सूचना निरुपयोगी आहेत, कारण पोराला जागा कळत नाही. व्यावसायिक लीगमध्ये पेनल्टी साधारण चारपैकी तीन आत जातात, आणि डीबाहेरून (पेनल्टीच्या चौकोनाबाहेरून) मारलेल्या शंभर फटक्यांपैकी तीन-चारच. तेरा वर्षांच्या पायाला तर डीबाहेरून ताकदच पुरत नाही. मोठ्या मैदानावर गोलसमोर सहा यार्डांच्या चौकोनाइतकी रुंद, म्हणजे १८ मीटरच्या आसपास, आणि डीच्या रेषेपर्यंत खोल अशी जागा प्लास्टिकच्या शंकूंनी आखा. लहान मैदानावर १२ मीटर रुंद, १० मीटर खोल पुरे. त्या जागेत एकच नियम ठेवा. चेंडू आणि गोलचे दोन खांब यांचा त्रिकोण मनात काढायचा; त्यात गोली सोडून एकापेक्षा जास्त प्रतिस्पर्धी नसेल तर फटका मारायचा हक्क त्याचा. चुकला तरी कुणी हात उडवायचे नाहीत, तुम्हीसुद्धा नाही. त्रिकोणात दोन जण आले की पास. पोराला नियम स्पष्ट असला की तो ‘इगो’चं कारण सांगत नाही, कारण आता त्याला मोजता येतं.

इथे खऱ्या फुटबॉलमधले दोन गोल दाखवा, दोन्ही जपानच्या सामन्यांतले. पहिला २ जुलै २०१८, रोस्तोव्ह, बेल्जियमविरुद्ध. या पराभवानंतर महिनाभरात ‘ब्लू लॉक’ सुरू झालं. हारागुची आणि इनुई यांच्या गोलांनी जपान २-० पुढे होता, बेल्जियमने बरोबरी साधली, आणि भरपाईच्या वेळेत जपानला कॉर्नर मिळाला. होंडाचा कॉर्नर बेल्जियमचा गोली कोर्त्वाने हातात घेतला आणि लगेच दे ब्रॉयनला सोडला. दे ब्रॉयन चेंडू घेऊन थेट यामागुचीच्या अंगावर गेला. त्याने यामागुचीला पुढे येऊ दिलं आणि मग उजवीकडे म्युनियरला पास दिला. म्युनियर मोकळा होता कारण लुकाकूच्या धावेने नागातोमोला आत ओढलं होतं. म्युनियरचा जमिनीलगतचा क्रॉस आला तो लुकाकूकडेच. लुकाकू हाडाचा स्ट्रायकर, विश्वचषकाचा बाद फेरीचा सामना, शेवटचा मिनिट. त्याने चेंडूला पायच लावला नाही. मागून आलेल्या शादलीने तो आत घातला. गोलीच्या हातापासून जाळीपर्यंत पंधरा सेकंदही लागले नाहीत. जपानकडे स्वार्थी स्ट्रायकर नव्हता म्हणून हरलो, असा निष्कर्ष कथेतली संघटना काढते. ज्या गोलाने जपान बाहेर गेला तो मात्र एका स्ट्रायकरने चेंडू सोडल्यामुळे झाला होता. मंगाच्या लेखकाला हे दिसलं नसेल असं आम्हाला वाटत नाही.

दुसरा गोल २३ नोव्हेंबर २०२२चा, विश्वचषकात जर्मनीविरुद्ध. ८३वा मिनिट, १-१. इताकुराची लांब फ्री किक उजव्या बाजूला आसानोने धावता धावता पायावर घेतली. बचावपटू श्लॉटरबेक खांद्याला खांदा लावून, कोन अगदी अरुंद, समोर गोली नॉयर. आसानोने जवळच्या खांबाच्या बाजूने छताकडे चेंडू हाणला आणि जपान जिंकला. त्रिकोणाचा आपला नियम इथे लावून बघा. गोली सोडून एकच माणूस आणि थांबलं तर आणखी दोघं पोचणार. मारणंच बरोबर होतं. पोरांना दोन्ही गोल लागोपाठ दाखवले आणि प्रत्येक वेळी चेंडू पोचण्याच्या क्षणाला चित्र थांबवून ‘आता काय करशील?’ विचारलं, तर तासभराचं भाषण वाचतं.

परत मंगाकडे. पहिल्या निवड फेरीत इसागीचा संघ झेड पहिला सामना संघ एक्सशी खेळतो. दोन्हीकडे सगळेच आघाडीपटू, सगळ्यांनाच गोल हवा. चेंडूमागे झुंबड उडते, एकाच संघातले एकमेकांच्या पायातून चेंडू काढून घेतात. आपल्या शाळांमधला इयत्ता पाचवीचा सामना हुबेहूब असाच दिसतो. त्या गर्दीतून बारो नावाचा दांडगा गोल करतो, आणि मग एक्सच्या बाकीच्यांना कळतं की याला चेंडू दिला की काम होतं. ते त्याच्याभोवती आपोआप लागतात आणि झेड ५-१ असा सपाटून मार खातो. पोरं इथे बारोचा रुबाब लक्षात ठेवतात. तुम्ही ध्यानात घ्यायची गोष्ट निराळी: एक्सला शिस्त भाषणातून आली नाही. कुणीतरी एक खात्रीचं शस्त्र घेऊन उभा राहिला आणि बाकीच्यांना आपली जागा कळली. हरल्यावर झेडची पोरं बसून हेच करतात, प्रत्येकाचं शस्त्र कोणतं ते मांडतात. बाचिराचं ड्रिबलिंग, कुनिगामीचा डाव्या पायाचा लांबचा फटका; चिगिरीचा वेग आणि इसागीची मोकळी जागा आधी दिसण्याची नजर पुढच्या सामन्यांत उघड होते. त्यानंतर ते जिंकायला लागतात.

तुमच्या संघात हे करून बघण्यासारखं आहे, फक्त उत्तरं ढिली घेऊ नका. ‘माझा स्पीड आहे सर’ हे उत्तर नव्हे. कुठे, कधी आणि कुणाच्या जोरावर, हे तिन्ही यायला हवं. चिगिरीसारख्या पोराचा वेग उपयोगी पडतो तो बचावफळीच्या पाठीमागे निदान २०-२५ मीटर रिकामे असले तरच. म्हणजे आपल्या संघाने थोडं मागे राहून समोरच्यांना पुढे ओढायला हवं आणि मधल्या फळीतल्या कुणाला तरी पहिल्या स्पर्शात लांब चेंडू टाकता यायला हवा. वहीत प्रत्येकाच्या नावासमोर दोन रकाने पाडा: ‘माझं शस्त्र’ आणि ‘ते चालण्यासाठी मला कोण लागतं’. दुसरा रकाना भरताना पोरं अडतात. अडू द्या. ज्याच्या दुसऱ्या रकान्यात ‘कोणी नाही’ आलं त्याला त्या आठवड्यात एकट्याने तिघांसमोर खेळवा. दहा मिनिटांत रकाना भरतो. मुलींच्या संघात तर आम्हाला उलटा प्रकार जास्त दिसतो. पहिला रकानाच कोरा राहतो, कारण ‘माझं हे चांगलं आहे’ असं लिहायची चोरी वाटते. तिथे तुम्ही लिहा, आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

आता ज्या भागामुळे आम्हाला हे पत्र लिहावंसं वाटलं तो. पहिल्या फेरीचा नियम असा: पाच संघ, पहिले दोन पुढे जाणार, आणि बाद होणाऱ्या प्रत्येक संघातला सर्वाधिक गोल करणाराही वाचणार. या शेपटीनेच घात केला. झेडमधला कुओन, जो सगळ्यांना एकत्र आणत होता, समजूतदारपणे बोलत होता, तोच संघाचे डावपेच संघ डब्ल्यूला विकतो, बदल्यात स्वतःला गोल मिळवून घेतो. संघ हरला तरी आपण वाचू, हा हिशेब. सामना ४-४ असा कसाबसा बरोबरीत सुटतो. कुओन स्वभावाने खलनायक आहे असं कथा म्हणत नाही. नियमच असा होता की शहाण्या माणसाने तेच करावं.

आता आपल्या स्पर्धांची बक्षीसपत्रिका काढा. सर्वाधिक गोलांचा करंडक, सामनावीराला पाकीट, उत्कृष्ट आघाडीपटूला बूट. आणि मग ३-० पुढे असताना दोघं पेनल्टीवरून भांडतात, शेवटच्या दहा मिनिटांत करंडकाच्या शर्यतीतला पोरगा कॉर्नरला मागे येत नाही, आणि आपण त्याच्या संस्कारांना दोष देतो. नियम आपण केला आहे. काही स्पर्धांत सामनावीराबरोबर ‘लढवय्या’ खेळाडू निवडायची कोल्हापूरकडची पद्धत आम्हाला म्हणूनच शहाणपणाची वाटते, पण १४ वर्षांखालील गटात आणखी पुढे जायला हरकत नाही. प्रत्येक गोलाला तीन नावं लिहा: मारणारा, शेवटचा पास देणारा, आणि ज्याच्या धावेने बचावपटू हलला तो. तिसरं नाव शोधायला सामना नीट बघावा लागतो, म्हणून सुरुवातीला कुणी लिहीत नाही. राखीव खेळाडूंना ते काम द्या. बाकावर बसून कंटाळणाऱ्या पोराची नजर महिनाभरात बदलते. रोस्तोव्हच्या गोलाला हे तिसरं नाव लुकाकूचं असतं.

दुसरी निवड फेरी तर सरावाचा तयार आराखडाच आहे. तिघांचा संघ, तीन विरुद्ध तीन, आधी पाच गोल करणारा जिंकला. जिंकलेला संघ हरलेल्यांतला एक उचलतो आणि चार जणांचा होतो. यात रिन इतोशीचा संघ इसागीच्या संघाला हरवून बाचिराला नेतो. इसागी आणि नागी मग दोघांतच खेळून बारोला मिळवतात, आणि बारो त्यांच्याशी खेळायलाच तयार होत नाही. चेंडू मिळाला की फक्त गोलकडे. इसागी त्याला समजावत बसत नाही. बारोकडे बचावपटू ओढले जातात, म्हणून तो त्याचा आमिषासारखा वापर करतो. स्वतःला राजा म्हणवणाऱ्या बारोला हे झोंबतं, आणि त्यातून तो बदलतो. तरी बदलून आज्ञाधारक होत नाही, आपल्याच पद्धतीने आणखी घातक होतो. हट्टी पोराला बाकावर बसवून आज्ञाधारक करण्याचा आपला जो रिवाज आहे, त्यापेक्षा हे फार बरं.

मैदानावर उतरवताना आकडे बदलावे लागतात. तीनास तीनला २५ बाय १८ मीटर जागा, गोली नाही, दीड मीटर रुंद छोटे गोल. पाच गोलांपर्यंत खेळवू नका, तीन मिनिटांचे डाव ठेवा आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर चौथ्या डावापासून सगळे उभे राहून खेळतात. खेळाडू उचलायचा नियम ठेवा, पण तीन दुरुस्त्या करून. जिंकलेला संघ खेळाडूंची अदलाबदल करेल, संख्या कुणाची घटणार नाही. निवडताना ‘तो चांगला खेळतो’ असं म्हणायचं नाही. ‘आमच्याकडे डाव्या पायाचा कुणी नाही’ किंवा ‘आमच्याकडे मागे थांबणारा नाही’ असं कारण सांगायचं. आणि एकच पोरगा दोनदा न निवडलेला राहिला, तर तिसऱ्या वेळी निवड त्याने करायची. ही शेवटची दुरुस्ती विसरलात तर पंधरा दिवसांत दोन-तीन मुलं सरावाला यायची बंद होतील, आणि कारण कुणी सांगणार नाही. कागदावरच्या कथेत निम्मी पोरं घरी पाठवली तरी पान उलटतं. तुमच्याकडे ती पोरं पुढच्या सोमवारीही हवी आहेत.

एक जागा अशी की ती दाखवली की इगोवादी पोरं गप्प होतात. ३०० आघाडीपटूंमधून निवडलेला संघ जपानच्या २० वर्षांखालील संघाशी खेळतो तेव्हा अकरा जणांत गोली कोण असतो? गागामारू, जो स्ट्रायकर म्हणून आला होता. मधले बचावपटू निको आणि आर्यू, तेही आघाडीपटूच. सामना ४-३ असा जिंकतात. पुढे युरोपीय संघांबरोबरच्या लीगमध्ये हिओरी नावाचा शांत पोरगा चमकतो. त्याला गोलाची भूक फारशी नाही, इसागीला जिथे चेंडू हवा तिथे तो पोचवण्यात त्याचा सगळा अभिमान. उबर्स संघाविरुद्ध निर्णायक गोल त्याच्याच पासवर होतो. त्याच उबर्समध्ये प्रशिक्षक स्नफी सगळा खेळ आराखड्यावर बसवतो, आणि त्या आराखड्यात बारोसारख्या माणसालाही जागा काढतो. ज्या मुलाला तुम्ही मागच्या फळीत टाकलंत आणि जो तोंड पाडून बसलाय, त्याला निको वाचायला द्या. आणि जो सगळेच पास इमानेइतबारे देतो, पण गोलसमोर गळाठतो, त्याला युगो कोबायाशींचा ‘आओआशी’ हा मंगा द्या. त्यातला आशितो हाही गोलवेडा स्ट्रायकर, युवा संघाचा प्रशिक्षक त्याला थेट फुलबॅक (कडेचा बचावपटू) करतो. का केलं हे कळायला त्या पोराला खंडच्या खंड लागतात, आणि पासच्या वेळेबद्दल, पहिल्या स्पर्शाबद्दल ‘ब्लू लॉक’पेक्षा तिथे कितीतरी बारकाईने लिहिलंय.

‘ब्लू लॉक’मधलं काय घेऊ नये हेही सांगायला हवं. ‘हरलास तर संपलास’ ही धमकी कथेला वेग देते, चौदा वर्षांच्या मुलाला मात्र ती बिनचूक खेळायला शिकवते, म्हणजे जोखीम न घ्यायला. दुखापत लपवून खेळणं तर अजिबात नको. गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यानंतर चिगिरी धावायला का घाबरतो, हा भाग पोरांकडून नीट वाचून घ्या. इसागीला सगळं मैदान दिसतं ती जादू नाही, पण चित्रात ती तशी दाखवली जाते. प्रत्यक्षात ती मान वळवायची सवय आहे. चेंडू आपल्याकडे येत असताना, तो पोचायच्या आधी, दोनदा खांद्यावरून मागे बघायचं. सराव साधा आहे: पोराच्या पाठीमागे दहा मीटरवर एकाला उभं करा, चेंडू निघाला की त्याने बोटं वर करायची, पोराने पहिल्या स्पर्शाआधी आकडा सांगायचा. सुरुवातीला पहिला स्पर्श हमखास बिघडतो, कारण नजर उशिरा परत येते. चेंडू वाटेत असताना बघायचं, पायाशी आल्यावर नाही, एवढं साधलं की जमतं.

शेवटी व्यवहाराचं. बहुतेक शाळांत चाळीस पोरं, अर्धं मैदान आणि तीन-चार चेंडू असतात हे आम्हाला ठाऊक आहे. तीनास तीनची दोन मैदानं आखली की बारा जण आणि दोन चेंडू लागले. मैदानामागे दोघं-दोघं वहीवर, तिसरं नाव लिहायला. उरलेल्यांतले बारा जण तिसऱ्या चेंडूवर दोन विरुद्ध एकच्या पट्ट्यात, सहाच्या दोन रांगांत. बाकीचे बारा चौथ्या चेंडूवर बोटं ओळखायच्या सरावाला, चेंडू नसेल तर टेनिसबॉल हाताने टाकूनही तो चालतो. बारा मिनिटांनी गट फिरवा. सगळीकडे एकट्याने लक्ष द्यायचा प्रयत्न करू नका. पहिल्या महिन्यात पट्ट्याजवळच उभे राहा, कारण ‘लवकर’ की ‘वेळेवर’ हे पोरांना अजून एकमेकांत ठरवता येत नाही. महिन्याभराने ते काम नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवा. ‘ब्लू लॉक’ ज्याने सगळ्यात जास्त वाचलंय, त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

कळावे,
आपले,
फुटबॉलवरचे मंगा वाचणारे आणि मैदानाच्या कडेला उभे राहणारे काही जण